अर्धी हजेरी

24 सप्टेंबर 2023, रविवार. आदल्या दिवशी गौरी-गणपतींचं विसर्जन झालं होतं. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या कडेला झेंडूच्या पाकळ्या पावसात भिजून चिकटल्या होत्या. सकाळची मराठी मिस्सा आणि त्यानंतरचा धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपून मी मरोळ नाक्याकडे चालत आलो. मेट्रोच्या पुलाखाली नेहमीची माणसं उभी होती. कुणाच्या पिशवीतून थापीचा दांडा डोकावत होता, कुणाच्या हातात रंगाचे ब्रश होते. काहींच्या हातात काहीच नव्हतं. दहा वाजून गेले होते. ज्यांना काम मिळायचं ते कधीच गेले होते.

त्या रविवारचं शुभवर्तमान नेमकं या माणसांबद्दल होतं. मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला. मालक पहाटे चौकात जातो, एक दिनार रोज ठरवून मजूर नेतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना पाचला पुन्हा जातो, तर अजून माणसं उभीच. त्यांनाही नेतो. संध्याकाळी पगार वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करतो आणि प्रत्येकाच्या हातावर एक पुरा दिनार ठेवतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. त्यांनाही ठरलेलाच दिनार मिळतो.

वर्गात सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे चीटिंग आहे." बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. मी मुलांना पुढच्या रविवारी बोलू म्हणालो, कारण त्या मुलाला द्यायचं उत्तर मला आधी स्वतःला द्यायचं होतं. सव्वीस वर्षं मी एका छोट्या कंत्राटदाराकडे मुकादम होतो. नाक्यावरून माणसं उचलायची, हजेरी मांडायची, संध्याकाळी रोज वाटायचा, हेच माझं काम. या दाखल्यातला मालक रोज जे करतो ते सगळं मी केलं. शेवटचं तेवढं कधी केलं नाही.

नाक्यावर माणूस निवडायला अर्धं मिनिट पुरतं. आधी दंड पाहायचे, मग पाय. खोकणारा नको, हाताला फडकं गुंडाळलेला नको, पांढऱ्या केसांचा नको. गावाहून कालच आलेला आणि कुठं उभं राहावं हेही न कळणारा नको. हे सगळे मागे उरतात. दहानंतर त्यातले काही खोलीवर परततात. काही परतत नाहीत, कारण खोलीवर जाऊन सांगायचं काय? बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं रिकामी बसली आहेत. द्राक्षमळ्याचा मालकही पाचला आलेल्यांना हेच विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात म्हणून. त्यांचं उत्तर एका ओळीचं आहे: आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही. सगळा दाखला या उत्तरावर उभा आहे, आणि कितीतरी वर्षं मी ते ऐकूनही ऐकलं नव्हतं.

1998 सालच्या जुलैत स्लॅब टाकायचा होता. दोन माणसं कमी पडली म्हणून बाराच्या सुमारास मी नाक्यावर गेलो. एक म्हातारा उरला होता. नाइलाजानं त्यालाच आणलं. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही. तो म्हातारा सात वाजेपर्यंत घमेली वाहत होता. बिगाऱ्याचा रोज तेव्हा शंभर रुपये. मी सगळ्यांना शंभर दिले आणि त्याच्या हातावर पन्नास ठेवले. वहीत त्याच्या नावापुढे 'अर्धी' लिहिलं आणि अंगठा घेतला. त्यानं भांडण केलं नाही. नोट कमरेला खोचली आणि म्हणाला, "घरात मान्सं अर्धी न्हाईत, मुकादम." आणि गेला. पुढे तो मला कधी दिसला नाही.

ती वही माझ्याकडे आहे. कंत्राटदाराचं काम बंद झालं तेव्हा रद्दीत घालायला दिलेल्या वह्यांमधून मी ती एक काढून ठेवली. हिशेबानं पाहिलं तर माझं चुकलं नव्हतं, तो अर्ध्या दिवसानंतरच आला होता. पण दिनार म्हणजे काय, हे मला त्या म्हाताऱ्यानं शिकवलं. दिनार हे चांदीचं रोमन नाणं. मजुराचा एका दिवसाचा रोज, म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकरी. मालक प्रत्येकाला एक दिनार देतो तेव्हा तो तास मोजत नाही. संध्याकाळी या माणसाच्या घरी चूल पेटायला काय लागेल, एवढंच तो पाहतो.

तारणाबद्दल माझी समजूत इथून सुरू होते. तारण अर्धं देता येत नाही. बुडणाऱ्याला छातीपर्यंत वर काढून सोडून दिलं तर त्याला वाचवलं असं कुणी म्हणणार नाही. देवाकडे देण्यासारखं जे आहे ते एकच आहे, तो स्वतः. त्याचा निम्मा कसा देणार? म्हणून पहाटे आलेल्यालाही तोच आणि पाचला आलेल्यालाही तोच.

माणूस तरतो ते त्याच्या कर्तृत्वावर की देवाच्या कृपेवर, यावर चर्चमध्ये फार जुनं भांडण आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्यात ते झालं. माणूस स्वतःच्या बळावर नीतीनं जगू शकतो, हे पेलागियसचं म्हणणं ऑगस्टीननं खोडून काढलं. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरनं पापक्षमापत्रांच्या व्यवहाराविरुद्ध आवाज उठवला आणि त्याच प्रश्नावरून पुढे पश्चिमेतला ख्रिस्ती समाज दुभंगला. 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं कॅथलिकांची बाजू मांडली. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या पुण्याईमुळे नव्हे, कृपेनं. आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्म करायला उभं करते, असा तिचा आशय. इतक्या विद्वानांना इतकी शतकं लागली, याचं मला नवल वाटत नाही. दुसऱ्याला फुकट मिळालेलं पाहणं माणसाला जड जातं. मलाही गेलं, आणि तेही माझ्याच घरात.

माझा धाकटा भाऊ दारूत गेला. भावजय सीप्झ या अंधेरीतल्या निर्यात क्षेत्रात दागिन्यांच्या एका युनिटमध्ये कामाला होती. दिवसभर परक्यांचं सोनं घासून चकाकी आणायची आणि संध्याकाळी घरी यायची. घरी तिची स्वतःची साखळी नवऱ्यानं विकलेली असायची. अठरा वर्षं हे चाललं. मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे गेले. कपाटाला कुलूप लागलं तर कुलूप तुटलं. तिच्या अंगावर हात पडला तेव्हा गावठाणातल्या आम्ही सगळ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि दार वाजवायला प्रत्येक वेळी कुणी ना कुणी उशीर केला. त्या उशिरात मीही होतो.

2021 च्या फेब्रुवारीत त्याचं लिव्हर थकलं. शेवटच्या आठवड्यात त्यानं फादरना बोलावून घेतलं. आम्ही बाहेर थांबलो, त्यानं कन्फेशन केलं. फादरनी त्याच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं, कम्युनियन दिलं. चौथ्या दिवशी तो गेला. करोनाचे दिवस होते, पुरायला मोजकीच माणसं होती. प्रवचनात फादर म्हणाले, शेवटच्या घटकेला का होईना, लेकरू बापाच्या घरी परतलं. घरी आल्यावर भावजयीनं पायातल्या चपला काढता काढता मला विचारलं, "भाऊजी, त्याला माफी मिळाली, चांगलं झालं. पण मग माझी अठरा वर्षं कुठं गेली?"

हाच मला ख्रिस्ती धर्मातला सगळ्यात कठीण प्रश्न वाटतो. पाचला आलेल्या मजुरानं पहाटे आलेल्यांचं काहीच बिघडवलेलं नसतं, म्हणून तिथं कुरकुर करणं गैर. पण पाचला आलेल्यानं दिवसभर दुसऱ्याची भाकरी हिसकावून खाल्ली असेल तर? त्यालाही पुरा दिनार मिळाला, तर ज्याची भाकरी गेली त्याचा न्याय कुणी करायचा? द्राक्षमळ्याचा दाखला तिला सांगणं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणं झालं असतं. मी गप्प राहिलो.

लहानपणी मला न्यायाचं एकच चित्र माहीत होतं. आजीच्या खोलीत एक तसबीर होती, खाली ज्वाळा आणि त्यात हात वर केलेली माणसं. आजी दर वर्षी मे महिन्यात आम्हाला सीप्झच्या आवारातल्या जुन्या देवळाकडे न्यायची. संत योहान बाप्तिस्त्याचं हे देऊळ जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलं. 1840 मध्ये साथ आली, लोक गाव सोडून मरोळला आले आणि देऊळ ओस पडलं. उभी कमान आणि आत वाढलेली झाडं दाखवून आजी म्हणायची, लोकांनी पापं केली म्हणून देवानं साथ पाठवली. करोनात हेच पुन्हा कानावर आलं. येशूनं मात्र हा हिशेब साफ नाकारला आहे. सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती, असं तो लूकच्या तेराव्या अध्यायात लोकांना विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. बांधकामावर परांची कोसळताना मी पाहिली आहे. खाली कोण सापडतं ते पापपुण्यावर ठरत नाही. देवाचा न्याय तिथं शोधायचा नसतो.

मग कुठं? मला तो एका मिस्त्रीच्या हातात दिसला. आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणारा हा मिस्त्री बीडकडचा, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला कामावर खाडा ठरलेला. एकदा त्याच्या हाताखालच्या पोरानं जिन्याजवळची भिंत बांधली. डोळ्यांना सरळ दिसत होती. मिस्त्रीनं ओळंबा सोडला. वर लाकडी ठोकळा भिंतीला टेकवून धरला, खाली पितळी वजन हललं, गोल फिरलं, हळूहळू स्थिर झालं. वर ठोकळा भिंतीला टेकलेला आणि खाली वजन भिंतीपासून सुटून दूर लटकलेलं. भिंत बाहेर झुकली होती. पोराचा चेहरा उतरला. मिस्त्रीनं आवाज चढवला नाही. "ओली हाय तवर उतरव," एवढंच म्हणाला, आणि स्वतः खाली बसून विटा सोडवायला लागला. दुपार त्यात गेली. ती दुपार त्यानं पोराच्या हजेरीतून कापू दिली नाही. मला म्हणाला, माझ्यात धरा.

मराठी बायबलात आमोस संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात हाच शब्द आहे, ओळंबा. देव भिंतीपाशी हातात ओळंबा घेऊन उभा आहे, असा दृष्टान्त आमोसला होतो. तिथं ती धमकी आहे, वाकलेल्या राष्ट्राला दिलेली. पण ओळंबा भिंतीला पाडत नाही. ती किती वाकली आहे ते दाखवतो, आणि त्यापुढे कुणाचा वाद चालत नाही. बायबलातल्या एका पुस्तकाचं नाव मराठीत 'शास्ते' आहे. हा शब्द ऐकला की शासन करणारा, शिक्षा देणारा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ते शास्ते संकटात सापडलेल्या लोकांना सोडवायला उभे राहिलेले आहेत. इब्री भाषेत न्याय करणाऱ्यालाच तो शब्द आहे, आणि न्याय करणं म्हणजे नाडलेल्याला सोडवणं. म्हणून स्तोत्रकर्त्याला देव न्याय करायला येतो याचा आनंद होतो. 96 व्या स्तोत्रात तर शेतं आणि रानातली झाडंही त्या आनंदात सामील होतात. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाचं दार पुन्हा पुन्हा ठोठावते ते न्याय व्हावा म्हणून. अंतिम न्यायाची भीती ज्यानं हिसकावलं त्याला. ज्याचं हिसकावलं गेलं तो त्या दिवसाची वाट पाहत असतो. आजीच्या तसबिरीत ही वाट पाहणारी माणसं कुठंच नव्हती.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी नोव्हेंबर 2007 मध्ये आशेवर एक परिपत्रक लिहिलं. त्यात ते म्हणतात की सार्वकालिक जीवनावर विश्वास ठेवायला सगळ्यात बळकट कारण न्यायाचा प्रश्न हेच आहे. इतिहासात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची कहाणी मरणापाशी संपून चालणार नाही. आणि कृपा म्हणजे फळ्यावरचं सगळं पुसून टाकणारा बोळा नव्हे. जुलूम करणारे आणि ज्यांच्यावर जुलूम झाला ते, जणू काही घडलंच नाही अशा रीतीनं, एका पंगतीला बसणार नाहीत. मधे एक भेट आहे. ख्रिस्ताच्या नजरेसमोर माणसाचं सगळं खोटं जळून जातं, आणि ते जळणं दुखतं. कॅथलिक श्रद्धेतलं शुद्धिस्थान मी आता असं समजतो. क्षमा झालेल्या माणसाची वाकलेली भिंत तिथं उतरवली जाते. त्या कामाचा खाडा मिस्त्रीनं स्वतःच्या नावावर घेतला आहे. क्रूसाकडे पाहताना मला हेच दिसतं.

2 नोव्हेंबर 2023, मृतांच्या स्मरणाचा दिवस. उपनगरातल्या दफनभूमींमध्ये जागा अपुरी, म्हणून कबर कायमची मिळत नाही. साधारण दोन वर्षांनी ती उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि कबर पुढच्याला देतात. भावाच्या अस्थी त्या वर्षीच कोनाड्यात आल्या होत्या. हातभर रुंदीचा कोनाडा, पुढे संगमरवरी फरशी. भावजय मेणबत्ती घेऊन आली. वारा होता, तीनदा विझली. चौथ्यांदा तिनं ओंजळीचा आडोसा केला आणि ज्योत धरली.

मग माझ्याकडे न बघता बोलली. शेवटच्या आठवड्यात, फादर येऊन गेल्यावर, त्यानं तिला जवळ बसवलं होतं. काय काय नेलं ते एकेक करून सांगितलं. साखळी, कानातली, फीचे पैसे, तिच्या आईनं दिलेलं पितळेचं पातेलं. तिला माहीत नसलेल्याही दोन गोष्टी सांगितल्या. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही. "अजूनही म्हटलेलं नाही, भाऊजी. तोंडातून येत नाही. पण तो नरकात असावा असं मला वाटत नाही. त्याला सगळं कळावं एवढंच वाटतं. त्या सगळ्या रात्री मला कसं वाटलं, ते त्याला माझ्यासारखं कळावं."

मी धर्मशिक्षक आहे, पण अंतिम न्यायाचं इतकं नेमकं वर्णन मला कधी जमलं नव्हतं. त्याला सगळं कळावं. तिची अठरा वर्षं कुठं गेली, याचं उत्तर त्यात आहे. ती देवापाशी जमा आहेत, आणि माझ्या भावाला त्यातून चालत गेल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. देव त्याला क्षमा करू शकतो, पण तिच्या वतीनं सही करत नाही. ती कधी क्षमा करेल की नाही हे तिचं आणि देवाचं आहे. तिला घाई करा म्हणायचा हक्क भिंतीपलीकडून ऐकत राहिलेल्या आम्हाला नाही.

26 नोव्हेंबरला ख्रिस्तराजाचा सण होता, आमच्या उपासनेच्या वर्षाचा शेवटचा रविवार. मत्तयचा पंचविसावा अध्याय वाचला गेला, मेंढरं आणि शेरडं वेगळी करणाऱ्या राजाचा. तिथं विचारणा सहा गोष्टींची होते: भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. यांच्यासाठी काय केलंत? कोणत्या देवळात जात होतात, हे तिथं विचारलेलं नाही. उजवीकडच्यांनाही आपण राजाला जेवू घातलं याचा पत्ता नसतो. हे ऐकताना मला माझा माळकरी मिस्त्री आठवला. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले ते 1579 साली, ज्या साली आमचं जुनं देऊळ बांधलं गेलं. 1616 मध्ये छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं नोव्हेंबर 1964 मध्ये सांगितलं की आपला काही दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. माझ्या मिस्त्रीला त्याच्या वैकुंठाची खात्री आहे. पोराचा खाडा स्वतःवर घेणारा तो माणूस उजवीकडे उभा नसेल, असं मला कोणताही दाखला वाचून वाटलेलं नाही.

वर्गातल्या त्या मुलाला मी शेवटी वही नेऊन दाखवली. जुलै 1998 चं पान, निळा अंगठा, पुढे माझ्या अक्षरात 'अर्धी'. त्या म्हाताऱ्यानं काय म्हटलं तेही सांगितलं. मुलानं बराच वेळ पान पाहिलं आणि विचारलं, "मग सर, उरलेले पन्नास?"

उरलेले पन्नास माझ्याकडे आहेत. म्हातारा आता हयात असणं कठीण. कधीतरी तो मला भेटेल आणि त्या संध्याकाळी त्याच्या घरी कोण किती जेवलं, ते मला त्याच्यासारखं कळेल. मला त्या भेटीची भीती वाटते. तरीही ती व्हावी अशी प्रार्थना मी रोज करतो.